शेजारच्या गावाबरोबर क्रिकेटची पहिली फ्रेंडली मॅच घेताय? मग टॉसच्या आधी एवढं करा

कोल्हापूरचं नाव काढलं की लोकांना कुस्ती आठवते नाहीतर फुटबॉल, आणि त्यात खोटं काय नाही, शहरात तालमीतालमीच्या टीम आहेत आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच शाहू स्टेडियमवर असली की पेठांमधलं वातावरणच वेगळं असतंय. पण शहर सोडून करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ, कुठल्याही बाजूला रविवारी सकाळी गाडी काढा, माळावर, गायरानात, शाळेच्या पटांगणात क्रिकेटच चाललेलं दिसणार. त्यात एक असते टुर्नामेंट, एंट्री फी, मंडप, माईकवर कॉमेंट्री करणारा गडी, चषक आणि डिजिटल बोर्डावर सगळ्या पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. दुसरी असते साधी फ्रेंडली, आमची पोरं आणि तुमची पोरं, हरणाऱ्यानं चहा पाजायचा, विषय संपला. हे लिहितोय ते या दुसऱ्या प्रकारासाठी, आणि ज्यांनी अजून एकही मॅच ठरवलेली नाही त्यांच्यासाठी.

मी काय मोठा प्लेअर नाही, आयुष्यातला हायेस्ट स्कोअर ३१, त्यातले ८ ओव्हरथ्रोचे. पण मॅच ठरवायचं, सामान जमवायचं आणि भांडणं मिटवायचं काम कायम माझ्याच गळ्यात पडत आलंय, त्यामुळं काय चुकतं ते चांगलं माहीत झालंय.

आमची पहिली मॅच चौथ्या ओव्हरला संपली. पाऊस नाही, काही नाही. नदीपलीकडच्या गावाची टीम आलेली, त्यांच्या डावखुऱ्या गड्यानं उचलून हाणला, बॉल बाउंड्रीला लागून असलेल्या उसाच्या शेंड्याला लागला, पात्यात अडकत अडकत खाली आला आणि आमच्या पोरानं बाउंड्रीच्या आत उभं राहून दोन्ही हातांनी झेलला. आम्ही म्हणालो आउट, ते म्हणाले सिक्स. ऊस बाउंड्रीच्या बाहेर लावलेला, पण शेंडा आत वाकलेला, मग बॉल लागला तो आत का बाहेर? त्यावर पाऊण तास गेला. शेवटी ते गाड्या काढून निघून गेले आणि पातेलंभर केलेला चहा आम्ही बारा जणांनीच दोन-दोन कप करत संपवला. कुणीच वाईट नव्हतं त्यात, चिटिंग पण कुणी केली नव्हती, फक्त त्या उसाचं काय करायचं हे कुणी आधी बोललं नव्हतं. फ्रेंडलीतली बहुतेक भांडणं अशीच होतात बघा, जे बोलायचं राहून गेलं त्याच्यावरनं.

टीम कुठली बघायची

पहिल्यांदाच घेत असाल तर तुमच्यापेक्षा लई भारी टीम बोलवू नका आणि लई कच्ची पण नको. दोन्हीत मजा नाही. ज्या गावात कुणाची तरी सोयरीक आहे, कॉलेजचा मित्र आहे, दूध संस्थेत नाहीतर कारखान्यात बरोबर काम करणारा आहे, तिथली टीम बघा, कारण काही वाजलं तर फोन करायला एक माणूस लागतो. फोन कॅप्टननं कॅप्टनला करायचा, ग्रुपवर नुसतं "कोण खेळणार का" असं टाकलं की चाळीस जण अंगठा दाखवतात आणि रविवारी सातच येतात.

फोन झाला की एक मेसेज लिहून पाठवा, म्हणजे बोललेलं कागदावर आल्यासारखं होतं. मी असा पाठवतो: "दादा नमस्कार, तुमच्या पोरांबरोबर एक फ्रेंडली घ्यायची आहे. रविवारी सकाळी ८ ला आमच्या गायरानात. १० ओव्हर, टेनिस बॉल, ११ जण, वर एक-दोन आले तरी चालतंय. नाष्टा आमच्याकडं, चहा हरणाऱ्याकडं. पैसे नाहीत, चषक नाही. जमतंय का सांगा, नाहीतर पुढचा रविवार तुम्ही धरा." याला उत्तर काय येतं माहितीय? "येतोय भावा. पण अंपायर कुणाचा?" म्हणजे समोरचा पण आधी भाजून घेतलेलाच असतो.

तारीख आणि वेळ

आपल्याकडं जून ते सप्टेंबर विसरा, पाऊस ऐकत नाही आणि नदीकाठची रानं पाण्याखाली असतात. दिवाळीच्या सुट्टीपासून मे पर्यंत खरा सीझन. थंडीत नदीच्या बाजूला सकाळी धुकं आणि दव असतं, बॉल भिजतो, जड होतो, हातातनं निसटतो, त्यामुळं सातची मॅच कागदावर ठेवली तरी आठलाच सुरू होते, मग आठच सांगा. संध्याकाळी ठेवणार असाल तर डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो हे धरून उलटा हिशोब करा. एक ओव्हर साधारण चार ते पाच मिनिटं, दहा-दहा ओव्हर म्हणजे दीड तासाच्या आसपास, त्यात मधली सुट्टी आणि हरवलेला बॉल शोधण्यात जाणारा वेळ (हा कुणीच धरत नाही) मिळवला की अडीच तास हातात पाहिजेत.

तारीख धरताना गावची जत्रा, दोन्ही गावांतली लग्नं आणि शहरातली मोठी फुटबॉल मॅच बघून घ्या, नाहीतर तुमचा ओपनिंग बॉलर स्टेडियमवर बसलेला असेल. आणि एक लई महत्त्वाचं, रविवार आहे, घरोघरी मटण शिजतंय, त्यामुळं साडेअकराच्या पुढं मॅच गेली की फिल्डर मनानं घरी पोचलेले असतात. आमच्याकडं साडेअकरा-बाराच्या दरम्यान जेवढे कॅच सुटलेत तेवढे अख्ख्या सकाळी सुटत नाहीत.

ग्राउंड

गायरान असलं तरी ग्रामपंचायतीत सांगून ठेवा, शाळेचं पटांगण असलं तर हेडमास्तरांना भेटून परवानगी घ्या, नुसतं शिपाई मामांना सांगितलं म्हणजे झालं असं समजू नका. शेजारी ज्यांचं रान आहे त्यांना पण आदल्या दिवशी जाऊन भेटा. "काका, उद्या मॅच आहे, बॉल तुमच्या उसात येणार, आमची दोनच पोरं आत जातील, मोडतोड झाली तर आम्ही बघू" एवढं बोललं की निम्मं काम झालं. न सांगता घुसलात तर काका काठी घेऊन बांधावर उभे असतात, आणि त्यांचं चुकत नाही, लावण, म्हणजे नवीन लावलेला ऊस, कोवळी असली की एका पायाखाली दोन कोंब जातात. खोडवा (तोडीनंतर परत फुटलेला ऊस) असो नाहीतर लावण, ते त्यांचं वर्षाचं पीक आहे आणि आपली एका सकाळची मॅच.

पिच उत्तर-दक्षिण आखायचं. हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही. पूर्व-पश्चिम आखलं की सकाळी नाहीतर संध्याकाळी एका बाजूच्या बॅट्समनच्या डोळ्यात थेट सूर्य येतो आणि बॉल बॉलरच्या हातातनं सुटलेला दिसतच नाही.

माळावरची मुरमाड जमीन असली तर बरंच काम सोपं, आदल्या दिवशी खडे वेचायचे, झाडून काढायचं, पाणी मारायचं, रोलर मिळाला तर फिरवायचा, नाही मिळाला तर धुम्मसनं, म्हणजे जमीन ठोकायच्या जड ठोकळ्यानं, चोपून घ्यायचं. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, बॉल कुठं पडून कुठं जाईल सांगता येत नाही, तिथं भेगांत बारीक माती भरून पाणी मारून दोन दिवस आधी दाबून घ्यावं लागतं. खडे वेचण्यात आळस करू नका, एका खड्यावरनं उसळलेला बॉल हनुवटीला लागला की मॅच तिथंच थांबते.

मापाचं सांगतो. पिच २२ यार्डाचं, म्हणजे ६६ फूट, २०.१२ मीटर. गावातल्या गवंड्याकडं मोठा टेप असतो, तो मागून आणा. नसला तर स्टंपनं मोजा: स्टंप जमिनीच्या वर २८ इंच असतो, म्हणून खालचं टोक सोडून २८ स्टंप मांडत गेलं आणि शेवटी एक वीत वाढवली की ६६ फूट जवळजवळ बरोबर बसतात. पावलानं मोजू नका, आमच्याकडचा सहा फुटी गडी आणि माझी पावलं यात बावीस पावलांत चांगला दहा फुटांचा फरक पडतो. तिन्ही स्टंप मिळून रुंदी ९ इंच. स्टंपपासून पुढं ४ फुटांवर बॅटिंगची क्रीज, ती फक्कीनं (पांढऱ्या पावडरनं) ठळक मारा आणि बाजूला लांबपर्यंत ओढा, कारण रनआउटच्या वेळी सगळे तीच रेघ शोधत असतात. वाइडची रेघ पण मारा. अंदाजे नको, रेघ असली की अंपायरला शिव्या कमी पडतात.

बाउंड्री टेनिस बॉलला ५० पावलांच्या आसपास पुरते. चारी बाजूंनी सारखी मिळणं आपल्याकडं अवघडच, एका बाजूला ऊस, एका बाजूला रस्ता, तिसरीकडं कुणाची तरी विहीर. विहीर असली तर बाउंड्री तिच्या दहा-पंधरा पावलं अलीकडंच घ्या, पळत पळत बॉलकडं बघणाऱ्याला विहीर दिसत नसते. डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, कुंपणात बॉल गेला तर तो गेला, काठीनं ओढायला जाऊ नका, बॉल नवीन मिळतो.

सामान

बॉल टेनिसचा घ्या. त्यात हलका आणि जड असे दोन प्रकार मिळतात, कुठला ते दोन्ही टीमनी आधी ठरवायचं, कारण जड बॉलची सवय नसलेल्या पोराचं बोट पहिल्याच कॅचला सुजतं. लेदरच्या, म्हणजे आपल्या भाषेत सीझन बॉलच्या नादाला पहिल्या मॅचला लागू नका. त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, तो दगडासारखा लागतो, त्याला पॅड, ग्लोव्हज, गार्ड, हेल्मेट सगळं पाहिजे आणि पिच पण तसलं पाहिजे. शिवाय टेनिसच्या हलक्या बॅटनं सीझन बॉल मारला की बॅट गेली, आणि बॅट ज्याची असते तोच बहुतेक वेळा मारणारा नसतो.

एका टीमचे तीन नवीन बॉल, म्हणजे एकूण सहा. जास्त वाटतील, पण बाजूला ऊस असला की कमी पडतात. स्टंपचे दोन सेट, एका सेटचा तरी स्टँड असलेला, कडक जमिनीत स्टंप ठोकायला दगड शोधत फिरायला लागत नाही. बाकी फक्की, पाण्याचे दोन जार, वही, दोन पेनं, आणि एका पिशवीत कापूस, पट्टी, क्रेप बँडेज, जखमेवर लावायचं औषध. बर्फ गारेगारवाल्याकडं मिळतो, त्याला सकाळीच ग्राउंडवर यायला सांगितलं की त्याचा पण धंदा होतो आणि आपला पण बर्फ तयार.

नियम, टॉसच्या आधी, सगळ्यांच्या समोर

इथं घाई करू नका. दोन्ही टीम पिचवर गोल करून उभ्या करा, नुसते कॅप्टन नकोत, कारण कॅप्टननं मान्य केलेलं नंतर डीप मिडविकेटवरचा गडी मान्य करत नाही. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं "बरोबर" म्हणायचं. दहा मिनिटं लागतात.

ओव्हर किती आणि एका बॉलरला किती, दहा ओव्हरला दोन-दोन ठीक. एलबी (पायाला बॉल लागून आउट) बहुतेक ठिकाणी नसते, ते स्पष्ट बोला, पण मुद्दाम पाय आडवा घालायचा नाही हे पण बोला. बाय, म्हणजे बॅटला न लागता मागं गेलेल्या बॉलवरचे रन, चालू का बंद, कीपर कच्चा असला तर बंद ठेवा, नाहीतर मॅच बायवरच जिंकली जाते. कमरेच्या वरचा फुलटॉस नो बॉल, त्याला फ्री हिट (पुढच्या बॉलला कॅच-बोल्ड आउट नाही) आहे का नाही. फेकी बॉलिंग, म्हणजे कोपरात हात वाकवून फेकलेला बॉल, चालणार का, हा नाजूक विषय आहे, प्रत्येक गावात एक तरी फेकी असतो आणि त्याच्या गावाला तो फेकी वाटत नाही. आमचा तोडगा असा, की दोन्ही कॅप्टननी पहिली ओव्हर बघायची, दोघांनाही फेकी वाटला तर तो बॉलिंग करणार नाही, एकालाच वाटला तर हळू टाकायचं.

मग ग्राउंडचे स्वतःचे नियम. झाडाला लागून कॅच आला तर? वायरला लागून? उसात डायरेक्ट सिक्स, टप्पा खाऊन फोर, आणि त्या बाजूची बाउंड्री लईच जवळ असली तर तिकडं काहीही मारलं तरी दोनच रन. शेंड्याला लागला की सिक्स, हात लावू नका, हा नियम आमच्याकडं कायमचा झालाय, का ते वर सांगितलंच. बॉल दिसेनासा झाला तर फिल्डरनं हात वर करून ओरडायचं, तिथं दोन रन डिक्लेअर, नाहीतर बॅट्समन पळतच राहतात आणि पाच-सहा होईपर्यंत कुणी थांबत नाही.

माणसं विषम आली तर एक कॉमन ठेवायचा, तो दोन्हीकडनं बॅटिंग करतो. कॉमन म्हणून शक्यतो मध्यम प्लेअर द्या, सगळ्यात भारी दिला तर दोन्ही टीमचा टॉप स्कोअरर तोच होतो आणि मॅच त्याची एकट्याची. बारकं पोरगं हट्ट करून आलं असेल तर लिंबूटिंबू, फिल्डिंग करू दे, शेवटी दोन बॉल हळू टाकून बॅटिंग दे, रन धरायचे नाहीत, पण टाळ्या वाजवायच्या. लास्ट मॅनला एकट्याला खेळू द्यायचं का, तेही ठरवा.

दोन नियम टीव्ही बघून पोरं अर्धवट सांगतात. एक, कॅच आउट झाल्यावर "आम्ही क्रॉस झालेलो, स्ट्राइक माझी". ते आता गेलं, ऑक्टोबर २०२२ पासून नियमात नवीन आलेलाच स्ट्राइक घेतो, क्रॉस होवो न होवो, फक्त ओव्हर संपली असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, बॉल टाकायच्या आधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला बॉलरनं आउट करणं. तेही तेव्हापासून सरळ रनआउटमध्येच धरलंय, चिटिंग नाही. तरी पण फ्रेंडलीत आम्ही एक वॉर्निंग देतो, कारण नियम कितीही आपल्या बाजूचा असला तरी नंतर चहा एकत्रच प्यायचाय.

रिटायरचा नियम ठेवा, २५ नाहीतर ३० रन झाले की बाहेर, बाकीचे संपले तर परत यायचं. नाहीतर एकच गडी दहा ओव्हर हाणतो आणि नऊ जण पॅव्हेलियनमध्ये, म्हणजे बाभळीखाली, मोबाईल बघत बसतात. आणि मॅच कितीही एकतर्फी होऊ दे, अर्ध्यातनं सोडून जायचं नाही, हे शब्द घेऊन ठेवा. ही गोष्ट मला त्या चहाच्या पातेल्यामुळं जास्त लागते, पण त्याहून मोठं उदाहरण कोल्हापूरच्याच माणसाचं आहे. भाऊसाहेब निंबाळकर, जन्म इथला, १९४८ च्या डिसेंबरात रणजी ट्रॉफीत महाराष्ट्राकडनं काठियावाडविरुद्ध पुण्यात ४४३ वर नाबाद खेळत होते. ब्रॅडमनचा ४५२ चा वर्ल्ड रेकॉर्ड फक्त ९ रनांवर. लंच झाला आणि समोरच्या टीमनं मॅचच सोडून दिली. रेकॉर्ड राहिला तो राहिलाच, आणि भाऊसाहेबांना टेस्ट पण कधी खेळायला मिळाली नाही. आता आपल्या गायरानात कुणी ४४३ काढणार नाही, पण कुणाचे तरी पहिले २५ होत असतात.

अंपायर, स्कोअर आणि टॉस

बॅटिंग टीमचाच माणूस अंपायर ही आपली पद्धत, आणि रनआउटवरच्या सगळ्या भांडणांचं मूळ पण तेच. जमलं तर दोन्ही गावांना चालणारा एखादा वयस्कर माणूस धरा, रिटायर झालेले गुरुजी असले तर सोन्याहून पिवळं, त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही. नाहीच मिळाला तर एका बाजूला तुमचा, एका बाजूला त्यांचा. खिशात सहा खडे घ्यायचे, प्रत्येक बॉलला एक खडा दुसऱ्या खिशात टाकायचा, बोटावर मोजणारा बोलण्याच्या नादात सात बॉल टाकायला लावतो. अंपायरनं एकदा बोट वर केलं की विषय संपला, कॅप्टननं विचारायचं, बाकीच्यांनी पळत यायचं नाही. रडीचा डाव खेळायचा असेल तर घरीच खेळा.

स्कोअर लिहायला दोघं, दोन्ही टीमचा एक-एक, शेजारी शेजारी बसवायचे आणि प्रत्येक ओव्हरला मोठ्यानं स्कोअर सांगायचा. मोबाईलवर ॲपमध्ये लिहिलं तर छान, सगळ्यांना नंतर बघायला मिळतं, तरी वही पाहिजेच, माळावर रेंज आणि बॅटरी दोन्हीचा भरवसा नाही. टॉस झाला की लगेच सुरू करा. नाणं नसलं तर बॅट उडवतात, सपाट का फुगीर, चालतंय.

पहिल्यांदाच खेळणाऱ्याला

मोजकंच सांगतो. रन घेताना बोला, "हो", "नाही", "थांब", यातला एकच शब्द आणि मोठ्यानं. "अरे बघ की" हा कॉल नव्हे. पळताना बॅट जमिनीवर घासत क्रीजमध्ये घ्या, हवेत असली तर ती आत असून पण आत नसते. फिल्डिंगला कुठं उभं करतील तिथं उभं राहा, पण खिशात हात नको. टेनिस बॉल हातात उसळतो, दगड पकडल्यासारखा धरायला गेलात की बाहेर येतो, हात थोडे मागं घेत पकडा. कॅच सुटला तर सुटला, सगळ्यांचे सुटतात, पण सुटल्यावर बॉलमागं पळा, कमरेवर हात ठेवून उभे राहिलात तर मात्र शिव्या खाल. बॅटिंगला गेल्यावर पहिला बॉल उचलून हाणायची खाज सगळ्यांना असते, माझी दांडी किती वेळा उडाली ते सांगत नाही.

उसात बॉल गेला की

दोघंच आत. पायात बूट, हातात काठी, फुलबाहीचा शर्ट असला तर बरं, उसाची पात ब्लेडसारखी कापते. पाचट खाली साचलेलं असतं, त्यात डायरेक्ट हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार सगळे आहेत. कुणाला साप चावलाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका, त्याला चालवू नका, हलवू नका, धीर द्या, १०८ ला फोन करा नाहीतर गाडीतनं सरळ सरकारी दवाखान्यात न्या, साप पकडायला थांबू नका. बाहेर उभ्या असलेल्यानं बॉल कुठं शिरला तिथं बोट धरून उभं राहायचं, डोळे हलवायचे नाहीत, हे साधं काम पण एका माणसाला नेमून द्या. पाच मिनिटांत नाही मिळाला तर सोडून द्या.

मॅच झाल्यावर

हात मिळवा, अंपायरला सगळ्यांनी मिळवा. टाय झाली तर टायच ठेवा, सुपर ओव्हर नको, दोन्ही गावं खुश जातात आणि वर्षभर "आमचीच होती" म्हणायला मोकळी. पैशाची पैज लावू नका, पन्नास रुपयांवरनं पण मित्र तुटलेले बघितलेत, हरणाऱ्यानं चहा एवढं पुरे. नाष्ट्याला मिसळ करायला जाऊ नका, तेवढ्या ताटल्या कोण धुणार, भडंग करा, वर कांदा-कोथिंबीर, चुरमुरे वर्तमानपत्रावर ओतायचे आणि सगळ्यांनी गोल बसून खायचे. गुऱ्हाळ चालू असेल तर तिथनं रस आणायचा. वर्गणी त्याच दिवशी गोळा करा, "नंतर देतो" म्हणजे देत नाही. स्टंप मोजा, बेल्स मोजा, बेल्स कायम कुणाच्या तरी खिशात जातात. ग्लास, कागद, पाण्याच्या बाटल्या उचला, पुढच्या वेळी परवानगी मागायला परत तुम्हालाच जायचंय.

आणि रानाच्या मालकाला एक कप चहा नेऊन द्या, बांधावर. आम्ही देतो. ते पलीकडचं गाव पण आता दरवर्षी येतं, तो डावखुरा येताना स्वतःचे दोन बॉल घेऊनच येतो. गेल्या वर्षी ऊसतोड झाली तेव्हा काकांचा फोन आला, "ये रं, तुझी अंडी घेऊन जा." जाऊन बघतोय तर तोडकरी मावशींनी फडात सापडलेले सात बॉल बांधावर ओळीनं मांडून ठेवलेले, त्यातल्या दोघांना उंदरानं कुरतडलेलं, एक पार पांढरा पडलेला, आणि एकावर स्केचपेननं त्या पलीकडच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. तो तेवढा त्यांना परत दिला.